साल्टन सी: आटणारे सरोवर, उडणारी धूळ आणि दमा

तुमची मुले किंवा नातेवाईक दक्षिण कॅलिफोर्नियात राहत असतील, तर तिथे गेल्यावर ‘साल्टन सी’ हे नाव कानावर पडू शकते. नावात समुद्र असला तरी हे वाळवंटातले खारे सरोवर आहे. घरात कोणाला दमा असेल, तर जाण्यापूर्वी त्याची माहिती असलेली बरी.

सरोवर का आटते आहे?
हा खोलगट भाग समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 70 मीटर खाली आहे. 1905 साली कोलोरॅडो नदीचे पाणी कालव्यातून फुटून इथे साठले. पाण्याला बाहेर जायला वाट नाही. त्याची वाफ होते आणि मीठ मागे राहते. त्यामुळे हे पाणी आता समुद्रापेक्षाही खारट आहे. शेतांतून निचरा होणाऱ्या पाण्यावर सरोवर टिकून होते. 2003 च्या करारानंतर सिंचनाचे काही पाणी शहरांकडे वळवले गेले. आवक घटली आणि तळ उघडा पडू लागला.

त्रास वासाचा की धुळीचा?
उन्हाळ्यात इथे कधीकधी कुजलेल्या अंड्यांसारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा. त्याने डोके दुखू शकते, मळमळते. पण दमेकऱ्यांनी जास्त जपायचे ते धुळीपासून, आणि ती वासाने कळत नाही. वारा सुटला की उघड्या तळावरची आणि भोवतालच्या वाळवंटातली बारीक धूळ उडते. ती श्वासनलिकांत गेली की त्या सुजतात व आकसतात. लहान मुलांना हा त्रास लवकर होतो.

काय काळजी घ्याल?
- दमा आटोक्यात ठेवणारा रोजचा इन्हेलर ‘आता बरे वाटते’ म्हणून बंद करू नका.
- तात्काळ आराम देणारा इन्हेलर आणि डॉक्टरांची चिठ्ठी विमानात हातातल्या बॅगेत ठेवा.
- हवेचा निर्देशांक रोज पाहा. वादळी वाऱ्याच्या दिवशी खिडक्या बंद ठेवा, मुलांना बाहेर खेळायला पाठवू नका.
- बाहेर जावेच लागले तर नीट बसणारा एन-95 मास्क लावा. रुमालाने बारीक धूळ अडत नाही.
- घरात झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा.

तातडीने मदत कधी घ्याल?
इन्हेलर घेऊनही आराम नाही, एक वाक्यही पूर्ण बोलता येत नाही, श्वास घेताना बरगड्यांमधला भाग आत ओढला जातो किंवा ओठ निळसर दिसतात, तर वाट पाहू नका. अमेरिकेत 911 वर फोन करा.

परत आल्यावर
कॅलिफोर्नियाच्या कोरड्या मातीत ‘व्हॅली फीव्हर’ची बुरशीही आढळते. ताप आणि खोकला दोन आठवड्यांहून अधिक राहिला, तर डॉक्टरांना प्रवासाबद्दल आवर्जून सांगा. हा आजार क्षयरोगासारखा भासू शकतो. तुमच्या एका वाक्याने योग्य तपासणी लवकर होईल.