टार्गेट वजन: ६२ खोडलं, ७६ लिहिलं

आजचा एपिसोड सांगोल्यातून, घरच्या गच्चीवरून. मागे ट्रॅक्टरचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

मागच्या वेळी वजनाचा विषय निघाला आणि नंतर बरेच मेसेज एकाच प्रश्नाचे आले: "दादा, माझं वजन किती पाहिजे?" तर आधी माझाच गाढवपणा सांगतो. माझी उंची १७० सेंटिमीटर, वजन ८२ किलो. ॲपनं टार्गेट विचारलं आणि मी बिनधास्त ६२ टाकलं. का? तर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मी ६२ होतो. मेसचं जेवण घशाखाली उतरत नव्हतं म्हणून ६२ होतो, हे मात्र सोयीस्करपणे विसरलो. दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा ७९ वर येऊन सोडून दिलं. कारण तीन किलो उतरले याचा आनंद नव्हताच, अजून सतरा राहिले याचंच टेन्शन होतं. सोडलं की महिन्या-दोन महिन्यांत परत ८२.

मग दिवाळीत रक्त तपासलं. एचबीएवनसी ५.९ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, शुगरच्या उंबरठ्यावर. वडिलांना शुगर आहेच. तेव्हा कुठं नीट वाचायला बसलो.

सगळी ॲप्स बीएमआय काढतात. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. माझं ८२ भागिले २.८९, म्हणजे २८.४. हे सूत्र १८३० च्या दशकात बेल्जियमच्या केतले नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं मांडलं. तो डॉक्टर नव्हता, त्याला 'सरासरी माणूस' शोधायचा होता. आता सरासरीवरून एकट्या माणसाचं शरीर कळतं का? थोडंफार कळतं, पण पूर्ण नाही.

याचा सगळ्यात भारी किस्सा आपल्या पुण्यातला आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचाही बीएमआय २२.३. अगदी सेम! पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. २००४ साली दोघांनी हे स्वतःच्या फोटोसकट 'लॅन्सेट' या मेडिकल जर्नलमध्ये छापलं. वरून बारीक, आतून चरबी, असा आपल्याकडचा प्रकार. त्यामुळे तुमच्यातला जो काडीपैलवान "मला काय गरज" म्हणून हसतोय ना, त्यानंही पुढचं ऐकावं.

म्हणूनच भारतीयांसाठी रेषा खाली आणली. २००९ च्या आपल्या डॉक्टरांच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे १८ ते २२.९ नॉर्मल, २३ पासून जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा. आणि काट्याइतकीच कंबर महत्त्वाची: पुरुषांची ९० सेंटिमीटर आणि बायकांची ८० च्या आत. पँटचा नंबर धरू नका, पँट आपण पोटाखाली घालतो! शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्ये टेप लावायची, श्वास सोडून, पोट आत न ओढता. माझी निघाली ९८.

या हिशेबानं नॉर्मलमध्ये यायला मला ६६ किलो पाहिजेत. सोळा किलो कमी! परत तोच डोंगर. पण इथं एक गोष्ट कामाला आली. अमेरिकेत प्रीडायबेटिसवाल्या तीन हजारांहून जास्त लोकांवर मोठा अभ्यास झाला, निकाल २००२ मध्ये आला. त्यात आहार-व्यायामाच्या गटाला टार्गेट होतं फक्त ७ टक्के वजन कमी करण्याचं, आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं वगैरे. नुसता सल्ला आणि खोटी गोळी मिळालेल्या गटापेक्षा या लोकांत डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी निघालं. सात टक्के! माझ्यासाठी ते होतात पावणेसहा किलो. म्हणून ॲपमधलं ६२ खोडून ७६ टाकलं. तिथं पोचलो की दोन-तीन महिने तेच टिकवायचं, मग पुढचा आकडा ठरवायचा.

स्पीडचं म्हणाल तर आठवड्याला अर्धा किलो पुष्कळ झाला. रोजच्या आकड्याला घाबरू नका. रात्री खारं खाल्लं की शरीर पाणी धरून ठेवतं आणि सकाळी काटा किलोभर वर दिसू शकतो, ती चरबी नसते. मी रोज सकाळी चहाच्या आधी वजन करतो आणि आठवड्याची सरासरीच बघतो. शुगरची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल, प्रेग्नन्सी असेल, तर आकडा डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. आणि बीएमआय १८.५ च्या खाली असेल तर कमी करायचा विचारच सोडा.

सध्या मी ७८.४, कंबर ९४. आजी म्हणते, "वाळलास की रे, पुण्यात खायला मिळत नाही का?" आणि ताटात तिसरी भाकरी टाकते. दोनच पुरेत हे तिला कसं पटवायचं, ते मला अजून जमलेलं नाही. कुणाला जमलं असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडला लावतो.