नंबर पाहा, नाव नको: जुन्या स्पोर्ट्स कारच्या बारीक सामानाबद्दलचे गैरसमज

जुन्या एमजीचं इंजिन कसलेला मेकॅनिक उभं करतो. काम अडतं ते काच फिरवायच्या हँडलवर, बॉनेटवरच्या मोनोग्रामवर, दिव्याभोवतीच्या कड्यावर. असा ओरिजनल नग इंग्लंडात किंवा फार तर मुंबईच्या चोर बाजारात मिळायचा, परंड्यासारख्या तालुक्याच्या गावी तो कुठून येणार, हा सर्वांत पसरलेला गैरसमज. मोनोग्रामपुरता तो खराही आहे, कारण त्यावर त्या गाडीचंच नाव असतं. पण बाकीचं बरंचसं सामान गाडीच्या कारखान्यात बनतच नव्हतं. दिवे आणि स्विच ल्यूकसचे, मीटर स्मिथ्सचे. हेच कारखाने त्या काळच्या साध्या मोटारी, मोटारसायकली आणि ट्रॅक्टरांनाही माल पुरवत. अँबॅसेडर म्हणजे मुळात मॉरिस ऑक्सफर्ड, आणि तिचं जुनं 1489 सीसीचं इंजिन एमजीए 1500 च्याच घराण्यातलं. मद्रासला 1961 पासून बनलेली स्टँडर्ड हेरल्ड ही ट्रायम्फ स्पिटफायरची सख्खी बहीण. म्हणजे शोध पुण्याच्या जुन्या बाजाराइतकाच बार्शी-सोलापूरच्या भंगारातही घ्यायला हवा. फक्त तिथे ‘एमजीचा स्विच आहे का’ असं विचारून हाती काही लागणार नाही. स्विच उलटा करून पाठीवरचा नंबर वाचावा लागतो; ल्यूकसच्या मालावर पुष्कळदा महिना-वर्षही ठोकलेलं असतं. परंड्याच्या किल्ल्यावरून 1632 मध्ये विजापूरला गेलेल्या मुलूखमैदान तोफेचा ओतारी रूमी होता, हेही आपल्याला तोफेवरच्या लेखावरूनच कळतं. ती आज कुठे पडली आहे यावरून नव्हे.

यावर आक्षेप येतो की नंबर डुप्लिकेटवरही ठोकता येतो. येतो खरा. म्हणून नंबरानंतर आटे तपासावेत. जुन्या ब्रिटिश मीटर-स्विचना बी.ए. मापाचे स्क्रू असत. 2 बी.ए. स्क्रूचा व्यास 4.7 मिलिमीटर आणि आट्यांमधलं अंतर 0.81, आपल्या बाजारातल्या एम-5 चा व्यास 5 आणि अंतर 0.8. फरक इतका निसटता की गॅरेजमध्ये एम-5 जोर लावून पिळला जातो, पितळेचे आटे मरतात आणि चाळीस-पन्नास वर्षं टिकलेला नग पाच मिनिटांत निकामी होतो. सापडलेल्या नगाबरोबर त्याचा गंजका स्क्रूही घ्यायचा तो यासाठी. तो नसेलच, तर लेथवाल्याकडून करून घ्यावा.

‘काळवंडलं तर काय, क्रोम मारून घेऊ’ हाही असाच घातक समज. पितळी हँडल पुन्हा क्रोम होतं, छान होतं. पण पुष्कळ मोनोग्राम आणि दिव्यांच्या बैठका जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेल्या असतात. त्यांवर आलेले फोड वरून येत नाहीत, धातूच आतून कुजलेला असतो. प्रत्येक खड्डा कोरून, तांब्याचा थर देऊन, डाखाने भरून, घासून मगच निकेल आणि क्रोम चढवावं लागतं. घाईने बफ मारला की अक्षरांच्या कडाच जातात. मग नवा बनवलेला नग वाईट का? मुळीच नाही. ब्रिटिश मोटर हेरिटेजने 1988 पासून एमजीबीचे सांगाडे मूळ साच्यांवरच काढले. त्यांना नकली म्हणणं अन्यायाचं होईल. आक्षेप आहे तो जुना म्हणून विकल्या जाणाऱ्या नव्याला.

राहता राहिली कायद्याची भीती. एकेक स्क्रू मूळचा नसेल तर व्हिंटेज नोंदणी मिळत नाही, असं सांगून किंमत चढवली जाते. 2021 च्या केंद्रीय नियमांत गाडी 50 वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असावी, चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. तेव्हा काच फिरवायच्या हँडलसाठी कुणी नोंदणीचा धाक घालून अवाच्या सवा पैसे मागत असेल, तर ते देऊ नका.