माहिती चौकट : तक्रार कुणाकडे करायची?

सेनगाव तालुक्यातली वरिष्ठ महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015च्या विनियमांनुसार महाविद्यालयात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत तक्रार समिती हवीच. अध्यक्ष ज्येष्ठ प्राध्यापिका, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, एक सदस्य बाहेरचा. प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर तीन विद्यार्थी प्रतिनिधीही असतात. प्राचार्यांना मात्र समितीत बसता येत नाही. ही अट फार शहाणपणाची आहे.

तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांत. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. चौकशी 90 दिवसांत संपवायची. मुलगेही तक्रार करू शकतात. ‘आपसांत मिटवा’ असा आग्रह कुणी धरू नये: तडजोड तक्रारदाराने मागितली तरच, आणि पैसे घेऊन तर नाहीच.

तक्रार खुद्द संस्थाचालकाविरुद्ध असेल, तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्याखालची जिल्हा स्थानिक समिती आहे. तालुक्याचा समन्वय अधिकारी तक्रार सात दिवसांत तिकडे पाठवतो.

बलात्कार किंवा हल्ला झाला असेल तर समितीच्या निकालाची वाट पाहू नका. कोणत्याही पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, हद्दीचे कारण चालत नाही. रुग्णालयाने बलात्कारपीडितेवर मोफत उपचार करणे बंधनकारक आहे. अकरावी-बारावीची मुलगी 18 वर्षांखालची असेल तर बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा ‘पोक्सो’ कायदा लागू होतो. अशा वेळी घटना कळूनही पोलिसांना न कळवणे हाही गुन्हा ठरतो.

मदतीसाठी : पोलीस 112, महिला 181, बालक 1098. समितीतली नावे सूचना फलकावर नसतील, तर प्राचार्यांकडे लेखी मागा.