पोवारी मजकुराचे संगणकीय वाचन : पॅकेजव्यवस्थेतील एक प्रश्न

गोंदिया जिल्ह्यातील पोवारीचा छापील मजकूर देवनागरीत असल्यामुळे तो ‘टेसरॅक्ट’ या अक्षरवाचक आज्ञावलीने संगणकात उतरवून घेता येतो. मात्र तिच्यासोबत मराठीची विदा-फाईल मिळते, पोवारीची मिळत नाही. साहजिकच अभ्यासक स्वतःची फाईल सिद्ध करतो. ती ठेवावी कोठे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे.

युनिक्स-वळणाच्या प्रणालींत, उदाहरणार्थ 1993 साली आरंभ झालेल्या डेबियनमध्ये, आज्ञावली पॅकेजरूपाने येतात. कोणती फाईल कोणत्या पॅकेजची आणि कोणते पॅकेज कोणावर अवलंबून, याची नोंदवही प्रणाली स्वतः ठेवते. ‘यूएसआर’ या निर्देशिकेवर या व्यवस्थेची सत्ता चालते; तिच्यातील ‘लोकल’ हा विभाग तेवढा वापरणाऱ्यासाठी मोकळा सोडलेला असतो. आपले बहुतेक विद्यार्थी ही सीमा ओलांडतात, आणि ओलांडल्याचे त्यांना कळतही नाही.

डेबियनच्या 11व्या आवृत्तीत (2021) टेसरॅक्टची विदा ‘4.00’ नावाच्या निर्देशिकेत होती. 12व्या आवृत्तीत (2023) ती ‘5’ या निर्देशिकेत गेली. पॅकेजच्या फाईली नव्या घरी गेल्या. अभ्यासकाने हाताने ठेवलेली फाईल नोंदवहीत नसल्यामुळे जुन्याच घरी राहिली, आणि आज्ञावली ‘ही भाषा उपलब्ध नाही’ असे सांगू लागली. हा प्रकार त्यातल्या त्यात बरा, कारण चूक निदान बोलून दाखवली जाते.

खरा धोका निराळा आहे. कित्येकजण सोयीसाठी मूळ मराठी फाईलच बदलून तिच्या जागी त्याच नावाने आपली ठेवतात. पॅकेजची पुढील आवृत्ती येताच ती निमूटपणे पुसली जाते. मग संग्रहाचा अर्धा भाग एका विदेने वाचलेला, अर्धा दुसरीने. आणि अनुस्वारांच्या वा ऱ्हस्वदीर्घांच्या गणनेत दिसणारा फरक बोलीभेद म्हणून प्रबंधात नोंदवला जाण्याची शक्यता उरते.

पॅकेज गोठवून ठेवावे, असा एक उपाय सुचविला जातो. तो मला पसंत नाही. त्याने सुरक्षेच्या दुरुस्त्याही अडतात. त्यापेक्षा आपली फाईल वेगळ्या नावाने स्वतःच्या निर्देशिकेत ठेवावी, आज्ञा देताना त्या निर्देशिकेचा पत्ता स्पष्ट द्यावा, आणि आज्ञावलीचा आवृत्तिक्रमांक व वापरलेल्या फाईलची प्रत संग्रहासोबतच जतन करावी.