डिझेलमधले गंधक गेले कुठे?

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्याकडच्या डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. ट्रकची टाकी ३०० लिटरची धरली, तर एका टाकीमागे जवळजवळ अडीच किलो गंधक धुरावाटे बाहेर पडायचे. आज त्याच टाकीत ते अडीच ग्रॅमच्या वर जाता कामा नये. भारत स्टेज-६ मानकाची खरी करामत हीच. गाड्यांच्या जाहिरातींत तिचा उल्लेखही नसतो, कारण ती घडली तेलशुद्धीकरण कारखान्यात.

गंधकाचा धूर वाईटच, पण धूर साफ करणारी यंत्रणाच ते नासवते, हे जास्त वाईट. नव्या डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर प्लॅटिनमसारख्या धातूचा मुलामा दिलेला उत्प्रेरक आणि काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ असते. डिझेलमध्ये गंधक जास्त असेल तर त्या प्लॅटिनमवर सल्फर डायऑक्साइडचा ट्रायऑक्साइड होतो, तो वाफेशी संयोग पावतो आणि त्यातून सल्फेटचे बारीक कण तयार होतात. कण अडवायला बसवलेले यंत्र स्वतःच कण बनवू लागते! त्यामुळे आधी इंधन सुधारायचे आणि मगच गाडी; हा क्रम उलटा करून चालत नाही.

कारखान्यात तापलेल्या डिझेलमधून प्रचंड दाबाखाली हायड्रोजन सोडतात. तो गंधकाला धरून हायड्रोजन सल्फाइड बनवतो आणि त्यातून पुढे पिवळेधमक गंधक वेगळे काढतात. ते खत आणि आम्लाच्या कारखान्यांना जाते. सुरुवातीचे गंधक मुकाट निघते. शेवटचे मात्र कड्यांच्या आकाराच्या रेणूंत असे अडकून बसलेले असते, की दशलक्ष भागांत ५० वरून १० वर यायला नवी संयंत्रे उभारावी लागली.

हे एवढ्या उशिरा का झाले? डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने २००२मध्ये टप्प्याटप्प्याचा आराखडा दिला. मानके सरकारने ठरवावीत, इंधन कोणते ते नव्हे, असे समितीचे म्हणणे. तिकडे सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या बस सीएनजीवर आणायला लावल्या होत्या. तत्त्व समितीचे बरोबर होते, पण दिल्लीला वाट बघणे परवडणारे नव्हते. आराखड्याची कच्ची बाजू वेगळीच होती. २०१०मध्ये स्टेज-४चे इंधन आले ते फक्त मुंबई, पुणे, सोलापूर अशा १३ शहरांत. ट्रक काय शहराची वेस बघून डिझेल भरतो? देशभर एकच इंधन मिळायला २०१७ उजाडले. मग मात्र स्टेज-५ वगळून थेट सहावर उडी मारली गेली. १ एप्रिल २०२० रोजी, ऐन टाळेबंदीत, हे मानक लागू झाले. डिझेल मोटारींसाठी कणांची मर्यादा किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून साडेचारवर आली.

आता दुबळा दुवा उरला आहे तो पीयूसीचा. डिझेल गाडीच्या या चाचणीत धुराचा काळेपणा तपासतात. अतिसूक्ष्म कण मोजत नाहीत. गाळणी फुटलेली किंवा मुद्दाम काढून टाकलेली गाडीही त्यातून सुटू शकते. नेदरलँड्सने २०२३पासून वार्षिक तपासणीत कण मोजायला सुरुवात केली आहे. इंधनासाठी एवढा खर्च केल्यावर कण मोजणारे यंत्र आपल्या पीयूसी केंद्रांतही सक्तीचे व्हायला हवे.