मेहरबानी नको, परवाना द्या

दिवसभराचा रोजा सोडून, इशाची नमाज आणि तिच्यामागची लांब तरावीह पढून माणसे मशिदीबाहेर येतात, तेव्हा रात्रीचे दहा वाजत आलेले असतात. मुंब्र्याचे अमृतनगर, ठाण्याची राबोडी, कल्याणचा दूधनाका या वस्त्यांतली खरी वर्दळ तिथून सुरू होते. कुठे शिगेवर कबाब भाजले जात असतात, कुठे कढईत मालपुवा उलटला जात असतो, कुठे मातीच्या वाटीतली फिरनी संपत आलेली असते. पहाटे साडेपाचच्या सुमारास सहरीची वेळ संपेपर्यंत कुठली ना कुठली भट्टी पेटलेलीच असते. गिऱ्हाईक फक्त रोजेदार नसतो. शेवटच्या लोकलने उतरलेला सुरक्षारक्षक, रुग्णालयातली पाळी संपवून निघालेली परिचारिका, रात्रपाळीचा रिक्षावाला, सगळ्यांनाच त्या वेळी गरम घास मिळतो.

या बाजाराला परवानगी कोणाची, असे विचारून पाहा. सरळ उत्तर कोणी देत नाही. ‘रमजानमध्ये चालवून घेतात’, एवढेच ऐकायला मिळते. ‘चालवून घेणे’ हा आपल्या मराठीतला मोठा सोयीचा शब्दप्रयोग आहे. त्यात परवानगीही नाही आणि मनाईही नाही. पण जे चालवून घेतले जाते, ते कोणत्याही रात्री थांबवताही येते. एक तक्रार आली, एखादा अधिकारी बदलला, की काल चाललेली गाडी आज उचलली जाते. मोठ्या टोपात कालवलेले पीठ, मुरवलेले मांस आणि उसने घेतलेले भांडवल मग त्या रात्रीच वाया जाते.

दुकानाचा दिवस चोवीस तासांचा

दुकानांपुरते बोलायचे, तर कायदा बराच पुढे आला आहे. १९४८ च्या जुन्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्यात दुकान आणि उपाहारगृह कधी उघडायचे, कधी बंद करायचे, हे कलमांतच लिहिलेले होते. १९ डिसेंबर २०१७ पासून महाराष्ट्रात नवा कायदा लागू झाला आणि हे बंधन बहुतेकांसाठी गेले. मद्यविक्री, बार, हुक्का पार्लर अशा आस्थापनांच्याच वेळा शासनाने अधिसूचनेने ठरवल्या. तरीही रात्री ‘शटर खाली घ्या’ म्हणणे काही थांबले नाही. शेवटी १ ऑक्टोबर २०२५ रोजी शासनाला पुन्हा निर्णय काढून सांगावे लागले की, मद्याशी संबंधित आस्थापना सोडून बाकीची दुकाने, हॉटेले चोवीस तास उघडी ठेवता येतात. अट एकच ठळक आहे. प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुटी मिळाली पाहिजे. रात्री साडेनऊनंतर स्त्रियांना कामावर ठेवायचे, तर त्यांची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था हवी, हे मूळ कायद्यातच आहे.

त्या निर्णयानंतरचा हा पहिला रमजान. म्हणजे गाळ्यातून बिर्याणी किंवा रोल बांधून देणाऱ्याला रात्री एक वाजता दुकान उघडे ठेवण्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. मात्र बाकीचे कागद लागतातच. अन्नसुरक्षेची नोंदणी किंवा परवाना अन्न व औषध प्रशासनाकडे. महापालिका अधिनियमाच्या कलम ३७६ खाली येणाऱ्या व्यवसायांचा परवाना महापालिकेकडे. गॅस आणि भट्टी आली की अग्निशमन. मुंब्रा-कौसा असो की कल्याणचे काही भाग, जिथे इमारतच अनधिकृत, तिथे अर्ज इमारतीच्या कागदांपाशीच अडतो. वेळेचे बंधन सुटले, पण जागेचे सुटले नाही.

त्यात काही दुकानदार आपणहून भर घालतात. गाळा दहा फुटांचा आणि तंदूर, टेबले, खुर्च्या मार्जिनल स्पेस ओलांडून पदपथावर. चोवीस तासांची मुभा गाळ्याला आहे, पदपथाला नाही.

हातगाडीचे घड्याळ

खरा प्रश्न हातगाडीचा आहे, कारण रमजानच्या बाजारात संख्येने तीच जास्त दिसते. घरात बायकांनी समोशाच्या पट्ट्या लाटायच्या, सारण भरायचे, मुलाने ते असरनंतर गाडीवर मांडायचे, नवऱ्याने तळायचे, असा हा घरचा धंदा असतो. वर्षभर मजुरी, शिवणकाम किंवा रिक्षा करणारी कितीतरी कुटुंबे या एका महिन्यात ईदचे कपडे आणि शाळेची फी यांची तजवीज करतात.

या गाडीच्या वाट्याला आलेले नियम पाहा. २००३ मध्ये मुंबईच्या फेरीवाल्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घातलेल्या अटींत व्यवसायाची वेळ सकाळी सात ते रात्री दहा अशी होती. रेल्वे स्थानक आणि मंडईपासून दीडशे मीटर, तर प्रार्थनास्थळ, शाळा आणि रुग्णालयापासून शंभर मीटरच्या आत विक्री नको, अशीही अट होती. २९ सप्टेंबर २०१७ च्या एल्फिन्स्टन पुलावरच्या चेंगराचेंगरीत २३ जणांचा बळी गेला. त्यानंतर १ नोव्हेंबर २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही अंतरे पुन्हा अधोरेखित केली. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत ‘दीडशे मीटर’ हा शब्द तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी बसला.

आता हे नियम इफ्तारच्या गाडीला लावून बघा. तिचे गिऱ्हाईक मशिदीच्या दारात असते, तिथे शंभर मीटर. नाहीतर कामावरून परतताना स्थानकाबाहेर असते, तिथे दीडशे मीटर. आणि तिची विक्री तरावीहनंतर चढते, तेव्हा दहा वाजलेले असतात. २००३ च्या त्या अटींत प्रार्थनास्थळाजवळच्या भाविकांसाठी एक सवलत ठेवली होती. देवाला किंवा प्रार्थनास्थळी वाहायच्या वस्तू, म्हणजे फुले, चंदन, मेणबत्त्या, अगरबत्त्या, नारळ विकता येतील. रोजेदाराचा खजूर या सवलतीत बसत नाही, कारण तो वाहायचा नसतो, खायचा असतो. यात कोणाचा दुजाभाव शोधायला नको. इफ्तारचा बाजार ही गोष्ट नियम लिहिताना समोर नव्हती, इतकाच त्याचा अर्थ. समोर नव्हती, ती आता आणायला हवी.

त्यासाठी नवा कायदाही नको. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) कायदा १ मे २०१४ पासून देशात लागू आहे. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१६ मध्ये आणि योजना २०१७ मध्ये केली. या कायद्याने दर पाच वर्षांनी सर्वेक्षण, विक्रेत्याला प्रमाणपत्र आणि शहरासाठी विक्री क्षेत्रांचा आराखडा सांगितला आहे. वर्षानुवर्षे विक्रेते आणि ग्राहक जिथे आपोआप जमतात, त्या ‘नैसर्गिक बाजारपेठे’ला कायद्याने नाव दिले आहे. एकाच जागेवर वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्यांनी बसण्याची, म्हणजे वेळवाटपाची तरतूदही त्यात आहे. हलवायचे किंवा उठवायचे तर तीस दिवसांची नोटीस. जप्त केलेला नाशवंत माल त्याच दिवशी परत. प्रमाणपत्राच्या अटी पाळून धंदा करणाऱ्याला पोलिसांनीही अडवू नये, असे कलम २७ सांगते. नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया, शिवाय अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक आणि अपंगांना योग्य स्थान, इतके सगळे त्यात लिहिलेले आहे.

आणि तरी गाडीवाल्याच्या खिशात बहुतेक वेळा एकच सरकारी कागद सापडतो, पीएम स्वनिधी कर्जाचा. २०२० मध्ये ही योजना दहा हजारांच्या कर्जाने सुरू झाली, आता पहिला हप्ता पंधरा हजारांचा आहे. गाडी उभी करायला सरकार कर्ज देते. ती उभी कुठे आणि किती वाजेपर्यंत करायची, हे मात्र सांगत नाही.

रस्ता एक, वेळा दोन

वेळवाटप ही कल्पना पुस्तकी नाही. इंदूरच्या सराफ्यात दिवसा सोन्याचांदीचे व्यवहार होतात. सराफ दुकाने बंद करून गेले, की त्याच रस्त्यावर जिलबी आणि भुट्ट्याचा कीस विकणारे बसतात. अहमदाबादच्या माणेक चौकाचेही तसेच. हैदराबादेत तर तेलंगणा सरकारने २०२५ च्या रमजानमध्ये महिनाभर दुकाने चोवीस तास उघडी ठेवण्याचा आदेशच काढला होता. इंग्लंडमध्ये रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेत गरम अन्न किंवा गरम पेय विकायचे असेल, तर २००३ च्या परवाना कायद्याखाली स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो. तिथे शेजाऱ्यांना हरकत नोंदवता येते आणि कौन्सिल परवान्यावर वेळेच्या, कचऱ्याच्या, आवाजाच्या अटी घालू शकते. विक्रेत्याला आपली अट ठाऊक असते आणि शेजाऱ्याला आपली तक्रार कुठे करायची ते ठाऊक असते.

आपल्याकडेही अशी सवय नाही असे नाही. गणेशोत्सवात मंडपाची परवानगी एक खिडकी पद्धतीने मिळते. ध्वनिक्षेपकाची रात्री दहाची मर्यादा वर्षातले काही ठरावीक दिवस बारापर्यंत वाढवली जाते आणि ते दिवस आधी जाहीर होतात. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीचा फडके रोड माणसांनी फुलतो, तेव्हा रस्त्याचा वापर त्या काही तासांपुरता बदलतो आणि शहर ते आनंदाने मान्य करते. सण आला की रस्त्याचे आणि घड्याळाचे नियम थोडे सैल करायचे, पण ते आधी ठरवून, लिहून करायचे, ही रीत आपल्या शहरांना ठाऊक आहे. रमजानच्या बाजाराला तीच रीत लावायची आहे.

शेजाऱ्याची झोप

या मागणीची दुसरी बाजूही तितक्याच मोकळेपणाने मांडायला हवी. यंदा रमजान दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत आला. पहिल्या मजल्यावर एखादी मुलगी गणिताची तयारी करत असते आणि खिडकीखाली रात्री दोन वाजता मोटारसायकलींचे हॉर्न वाजत असतात. मी शिक्षक आहे, त्या मुलीची बाजू मला आधी दिसते. ती मुलगी अनेकदा रोजेदारही असते. कोळशाचा धूर, गटारात ओतलेले तेल, सकाळी रस्त्यावर पडलेली हाडे आणि कागदी ताटल्या, रुग्णवाहिका अडेल अशी गर्दी, या तक्रारी धर्माविरुद्धच्या नाहीत. त्या वस्तीतल्याच लोकांच्या आहेत.

वाटेतली अडचण दूर करणे हे इमानाचेच एक अंग आहे आणि ज्याच्या उपद्रवापासून शेजारी सुरक्षित नाही त्याचे इमान अपुरे आहे, अशी पैगंबरांची शिकवण आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. इस्लामी शहरांत मुहतसिब नावाचा बाजार निरीक्षक असे. वजन-मापे, अन्नातली भेसळ आणि रस्त्यावरची अडचण पाहणे हे त्याचे काम. म्हणजे बाजारावर नियम असणे आपल्या परंपरेला नवे नाही. तळणाचे तेल किती वेळा वापरायचे, कबाबला भडक रंग कशाला, कापलेली फळे झाकायची की नाही, भांडी विसळायला आलेला पोरगा चौदा वर्षांचा तरी आहे का, हे प्रश्न महापालिकेच्या आधी मोहल्ल्याने विचारायचे आहेत. २०११ च्या नियमांनी छोट्या विक्रेत्याची अन्ननोंदणी वर्षाला शंभर रुपयांत ठेवली. शंभर रुपयांचा हा कागद नसेल, तर मोठ्या हक्काची भाषा जरा पोकळच वाटते.

उर्दूत परवाना म्हणजे दिव्यावर झेपावणारा पतंग. मराठीत परवाना म्हणजे सरकारी मंजुरी. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांमध्ये आपला गाडीवाला अडकला आहे. दिवे लागले की तो येतो आणि पथकाची गाडी आली की पळतो. त्याला मराठीतला परवाना मिळाला, तर त्याला अटीही लागू होतील आणि अटी मोडल्या तर दंडही. आज त्याला द्यावे लागते ते कोणत्या अटीसाठी, हे त्यालाच काय, घेणाऱ्यालाही सांगता येत नाही.

सभागृहांपुढचा विषय

कल्याण-डोंबिवली महापालिकेत नोव्हेंबर २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून लोकनियुक्त सभागृह नव्हते. सगळा कारभार प्रशासकांच्या हाती होता. या जानेवारीत निवडणुका झाल्या आणि आता प्रभागात विचारायला नगरसेवक आहे. म्हणून मागण्या नेमक्या ठेवूया.

रमजानसाठी तात्पुरत्या खाद्यविक्रीची परवानगी मंडपाच्या परवानगीसारखी एका खिडकीतून मिळावी. अन्ननोंदणी, अग्निसुरक्षा आणि वाहतूक पोलिसांचा अभिप्राय त्याच अर्जात यावा. स्थानकाबाहेरची दीडशे मीटरची पट्टी मोकळीच राहावी, तिथे सवलत मागू नये. जवळचे मैदान, बंद झालेल्या मंडईचा चौक, रात्री रिकामा राहणारा वाहनतळ अशा जागा पथविक्रेता समितीने प्रभागवार ठरवाव्यात. प्रत्येक परवान्यावर जागा, वेळ, क्रमांक छापलेला असावा आणि तो गाडीला टांगलेला असावा. वस्तीला झोपेची वेळ ठरवून मिळावी. कुठे मध्यरात्र, कुठे एक, ते त्या प्रभागातल्या रहिवाशांना विचारून ठरवावे. कचऱ्याचे डबे आणि पहाटेची सफाई यांचा खर्च परवाना शुल्कातून व्हावा. आणि ही सोय नवरात्र, कोजागरी, नाताळ, जत्रा, सगळ्यांना याच नियमांनी मिळावी. एका समाजाची सवलत म्हणून ती दिली, तर पुढच्या वर्षी पुन्हा मेहरबानीच होईल.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. पुढचा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात येईल. पावसाळ्याआधी सर्वेक्षण, गणपतीपर्यंत जागांची यादी आणि दिवाळीनंतर अर्ज असा क्रम लावला, तर पुढच्या वर्षी तरावीहनंतर पेटणाऱ्या भट्ट्यांवर परवान्याचा क्रमांक लटकलेला दिसू शकेल.