‘लिंक नाही’ म्हणजे नेमके काय? गावातला राऊटर दुसरी वाट केव्हा धरतो

परभणी (प्रतिनिधी) - बँकेच्या काउंटरवर, रेशन दुकानात किंवा ‘आपले सरकार सेवा केंद्रा’त ‘लिंक नाही, उद्या या’ हे वाक्य ऐकले नाही असा माणूस मराठवाड्यात शोधूनही सापडायचा नाही. शहरातील ग्राहकाचा त्यात फार तर तासभर जातो. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान काढायला शेजारच्या गावाहून आलेल्या वृद्धेचा मात्र अख्खा दिवस बुडतो आणि तिला घेऊन आलेल्या मुलाची मजुरीही बुडते. खरिपाच्या पीक विम्याची मुदत साधारणपणे जुलैअखेर संपते. त्या आठवड्यात लिंक गेली, तर केंद्राबाहेरच्या रांगेला ‘उद्या या’ असे सांगण्याचीही सोय उरत नाही.

ही ‘लिंक’ कुठे असते, ती तुटते म्हणजे काय होते आणि दुसरी जोडणी विकत घेऊन ठेवलेली असतानाही ती ऐनवेळी का चालत नाही, याची उत्तरे बहुतेक वेळा कार्यालयाच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या एका लहानशा पेटीत सापडतात. त्या पेटीचे नाव राऊटर.

परभणी-पूर्णा लोहमार्गावरील पिंगळीसारखे एखादे गाव डोळ्यांसमोर आणावे. तेथील एखाद्या कार्यालयात चार संगणक आणि एक प्रिंटर आहे, असे धरून चालू. ही यंत्रे एकमेकांशी बोलतात ते घरातले जाळे, म्हणजे लोकल एरिया नेटवर्क. पण खातेदाराची शिल्लक किंवा लाभार्थ्याची नोंद त्या चार संगणकांत नसते. ती मुंबई-पुण्याच्या किंवा आणखी दूरच्या एखाद्या माहिती केंद्रात असते. तिथपर्यंत नेणारे जाळे म्हणजे वाइड एरिया नेटवर्क, संक्षेपाने ‘वॅन’. राऊटर या दोहोंच्या वेशीवर बसतो. त्याचे एक तोंड घराकडे, दुसरे बाहेरच्या रस्त्याकडे. गावातले पत्र कोणते आणि परगावचे कोणते, हे तो पाहतो आणि परगावच्या पत्राला वाट दाखवतो.

यंत्राने लावलेला फोन

ही बाहेरची वाट आज चोवीस तास उघडी असते, असे आपण गृहीत धरतो. पूर्वी ती दर वेळी फोन लावूनच उघडावी लागे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा मोडेम साध्या दूरध्वनीवरून क्रमांक फिरवत असे. तो किर्र-किर्र आवाज त्या पिढीच्या कानात अजून असेल. कार्यालयांसाठी पुढे आयएसडीएनची सोय आली. त्यात एकाच तारेवर ६४ किलोबिटचे दोन मार्ग मिळत आणि जोडणी जवळजवळ तत्काळ होई. मात्र दोन्हींचे बिल सर्वसाधारणपणे दूरध्वनीच्या कॉलप्रमाणे, म्हणजे जोडणी जितका वेळ उघडी तितके, येत असे.

याच कारणासाठी राऊटरला ‘गरज पडेल तेव्हाच फोन लाव’ असे शिकवावे लागे. ही मांडणी समजून घेण्याजोगी आहे, कारण आजच्या जोडण्यांतही तिचेच अवशेष आहेत. राऊटरला चार गोष्टी सांगितल्या जात. फोन कोणत्या क्रमांकाला लावायचा. पलीकडे आपले नाव व परवलीचा शब्द कोणता सांगायचा. कोणत्या प्रकारचा निरोप आला तर फोन लावण्याइतके ते काम महत्त्वाचे मानायचे. आणि किती वेळ कोणी काही बोलले नाही तर फोन ठेवून द्यायचा. सिस्को कंपनीच्या राऊटरवर ही शेवटची मुदत कोणी बदलली नाही तर १२० सेकंदांची असते.

यातली तिसरी सूचनाच सर्वांत जास्त महागात पडणारी. राऊटर आपापसांत ‘मला अमुक वाटा ठाऊक आहेत’ असे निरोप सतत पाठवत असतात. ‘रिप’ या जुन्या पद्धतीत असा निरोप दर ३० सेकंदांनी जातो. हा निरोपही महत्त्वाचा, असे राऊटरने मानले तर १२० सेकंदांची शांतता कधी लाभतच नाही. कार्यालयाला कुलूप लागले, शिपाई घरी गेला, तरी राऊटर रात्रभर फोनवर बोलत राहणार आणि महिनाअखेरीस बिलाचा आकडा पाहून लेखापाल डोक्याला हात लावणार. त्या काळातील जाळे-अभियंत्यांच्या अभ्यासक्रमात या चुकीवर स्वतंत्र धडा असे, तो उगाच नव्हे.

क्रमांकाच्या सूचनेतही एक मेख असते. दूरसंचार खात्याचा नियम बदलला की माणूस वर्तमानपत्र वाचून सुधारतो. यंत्र वर्तमानपत्र वाचत नाही. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावणे सक्तीचे झाले. ज्या यंत्रात जुना क्रमांक भरून ठेवलेला असेल, त्यात तो शून्य कोणीतरी जाऊन घालावा लागतो. नाहीतर ते बिचारे इमानेइतबारे चुकीचाच क्रमांक फिरवत राहते.

क्रमांकाशिवायचा कॉल

भारत संचार निगमने १४ जानेवारी २००५ रोजी ‘डेटावन’ ब्रॉडबँड सेवा सुरू केली आणि क्रमांक फिरवण्याचे काम संपले. कॉल मात्र संपला नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. तांब्याच्या तारेवरील ब्रॉडबँड असो वा आजचे फायबर, अनेक सेवांमध्ये राऊटर अजूनही आधी ‘कोणी आहे का?’ अशी हाक देतो, पलीकडचे यंत्र ‘ओ’ देते, मग नाव व परवलीचा शब्द विचारला जातो आणि ओळख पटल्यावरच पत्ता मिळतो. या पद्धतीला पीपीपीओई म्हणतात. तिचा आराखडा १९९९ सालचा. त्यातला मूळ पीपीपी हा संवाद तर दूरध्वनीच्या जोडणीवरही वापरला जात असे.

संवादाचे टप्पे ठरलेले असतात. प्रथम दोन्ही बाजू बोलण्याच्या अटी ठरवतात. मग ओळख. ही दोन प्रकारे होते. ‘पॅप’ या प्रकारात परवलीचा शब्द उघडपणे तारेवरून जातो. ‘चॅप’ या प्रकारात पलीकडचे यंत्र एक कोडे पाठवते. राऊटर आपला परवलीचा शब्द वापरून त्याचे उत्तर काढतो आणि फक्त उत्तर पाठवतो. शब्द स्वतः प्रवास करीतच नाही. ओळख पटल्यावर राऊटरला इंटरनेटवरील पत्ता दिला जातो आणि वाट उघडते.

कोणत्या टप्प्यावर गाडी अडली ते कळले, तर तक्रार कुठे करायची तेही कळते. विंडोज संगणकावरून थेट जोडणी करणाऱ्यांना ६७८ आणि ६९१ हे दोन आकडे चांगले ठाऊक होते. ६७८ म्हणजे हाकेला उत्तरच आले नाही. तार तुटली असेल किंवा मोडेमची मांडणी चुकली असेल. निगमच्या तांब्याच्या ब्रॉडबँडवर मोडेममध्ये ० आणि ३५ असे दोन आकडे भरावे लागत. ते चुकले तर हाक पलीकडे पोचतच नसे. ६९१ म्हणजे हाक पोचली, पण ओळख नाकारली. अशा वेळी तार तपासणाऱ्या लाइनमनला बोलावून उपयोग नाही. ‘लिंक नाही’ या एका वाक्यात ही दोन्ही दुखणी कोंबली जातात आणि चुकीच्या वैद्याकडे रोगी पाठवल्यासारखे होते.

आणखी एक दुखणे असे की, सगळे हिरवे दिवे लागलेले असतात, काही संकेतस्थळे उघडतात, पण बँकेचे किंवा शासनाचे नेमके हवे ते पान अर्ध्यावर अडकते. साध्या जाळ्यात एका पाकिटात १५०० बाइट मावतात. पीपीपीओईचे स्वतःचे वेष्टन ८ बाइटचे, म्हणून आतल्या मजकुरासाठी १४९२ उरतात. राऊटरमध्ये हा आकडा १५०० च राहिला आणि वाटेतल्या एखाद्या यंत्राने ‘पाकीट मोठे आहे’ हा निरोप परत पाठवणे बंद केलेले असले, तर लहान पाकिटे जातात आणि मोठी वाटेतच गहाळ होतात. आठ बाइटच्या फरकापायी ‘सर्व्हर डाउन आहे’ असे ग्राहकाला सांगितले जाते. सर्व्हर बिचारा धडधाकट असतो.

दुसरी वाट असूनही

आता मुख्य मुद्दा. कार्यालयाने फायबरची जोडणी घेतली, शिवाय अडीअडचणीला राऊटरमध्ये मोबाइलचे सिमकार्डही घातले. कागदावर दोन वाटा झाल्या. फायबर तुटले की राऊटरने सिमवरून जावे, ही अपेक्षा. त्यासाठी राऊटरमध्ये दोन्ही वाटांना पसंतीचे क्रमांक दिले जातात. आकडा लहान तेवढी पसंती जास्त. पहिल्या वाटेला १ आणि दुसरीला, समजा, २००. पहिली वाट दिसेनाशी झाली की दुसरी पुढे येते.

गोम ‘दिसेनाशी’ या शब्दात आहे. राऊटरला दिसते ते फक्त स्वतःच्या दारापर्यंत. त्याच्या पुढच्या फायबरच्या पेटीत वीज आहे, दोघांमधली हातभर तार शाबूत आहे, तर राऊटरच्या लेखी वाट चालू. पुढे पाच किलोमीटरवर रस्ता रुंदीकरणाच्या जेसीबीने केबल उखडून टाकली, हे त्याला कळण्याचा मार्गच नाही. तो तुटलेल्या वाटेवर पाकिटे टाकत राहतो, सिमकार्ड शेजारी रिकामे बसून राहते आणि काउंटरवर ‘लिंक नाही’ची पाटी लागते. ज्या जोडणीत पीपीपीओईचा कॉल आहे, तिथे पलीकडून प्रतिसाद थांबल्यावर कॉल पडतो आणि राऊटरला निदान तेवढे तरी समजते. जिथे तसा कॉल नाही, तिथे त्याला मुद्दाम डोळे द्यावे लागतात. दूरवरच्या एखाद्या खात्रीच्या पत्त्याला दर काही सेकंदांनी हाक मार, लागोपाठ तीन-चार वेळा ‘ओ’ आली नाही तर वाट तुटली असे समज, अशी सूचना त्यात घालावी लागते. बऱ्याच राऊटरमध्ये ही सोय असते. ती चालू केलेली असतेच असे नाही.

मग परतीचा प्रश्न येतो. सिमवरून गेलेल्या पाकिटाला उत्तर देताना मुख्य कार्यालयाचे यंत्र ते जुन्याच, तुटलेल्या वाटेने पाठवू लागले, तर जाणे झाले आणि येणे राहिले. दोन्ही टोकांना नवी वाट कळावी लागते. शिवाय फायबर दुरुस्त होताना ते दहा वेळा लागते आणि तुटते. दर वेळी राऊटर उड्या मारू लागला तर व्यवहार अर्धवट राहतात. म्हणून पहिली वाट परत आल्यावरही काही मिनिटे थांबूनच तिच्यावर जावे, अशी मुदत घालणे शहाणपणाचे.

हे सारे बिनचूक केले, तरी जमिनीवरची परिस्थिती राऊटरच्या हाती नसते. गावातील मोबाइल मनोऱ्याला पोचणारी केबल त्याच रस्त्याच्या कडेने गेली असेल, तर एकाच खोदकामात दोन्ही वाटा जातात. दोन कंपन्यांची बिले भरली म्हणजे दोन वाटा झाल्या, हा समज म्हणूनच फसवा आहे. वीज गेल्यावर काय होते, हा प्रश्न मराठवाड्यात कोणाला समजावून सांगायला नको. संगणकाला इन्व्हर्टर जोडलेला असतो आणि दहा-पंधरा वॉटची राऊटरची पेटी मात्र साध्या प्लगवर, असे चित्र आढळते. उपग्रहाची छत्री, म्हणजे व्हीसॅट, खोदकामापासून मुक्त असते. पण सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरून निरोप जाऊन उत्तर यायला अर्धा सेकंद लागतो आणि तो प्रत्येक क्लिकला जाणवतो.

दुसरी वाट चालते की नाही, हे पाहण्याची रीत फार साधी आहे. कामकाज संपल्यावर पहिली तार स्वतः काढावी, त्याहून चांगले म्हणजे पलीकडच्या टोकाला ती बंद करायला सांगावी आणि एक खरा व्यवहार करून पाहावा. महिन्यातून एकदा केलेली ही पंधरा मिनिटांची तपासणी कोणत्याही करारपत्रापेक्षा जास्त सांगून जाते.

शासकीय जाळ्यांची रचनाही या अनुभवातूनच बदलत गेली आहे. मार्च २००५ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या राज्यव्यापी जाळ्यांच्या योजनेत राजधानी, जिल्हा आणि तालुका यांना किमान २ मेगाबिटने जोडायचे होते. गाव त्या आखणीच्या पलीकडेच राहिले. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली. तीच पुढे भारतनेट झाली. तिच्यात तालुक्यापासून निघालेली केबल प्रामुख्याने एकेरी रेषेत गावोगाव गेली. रेषा कुठेही तुटली की पुढची सारी गावे अंधारात. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमात रेषेऐवजी वर्तुळाची आखणी आहे आणि तालुका व ग्रामपंचायत या दोन्ही ठिकाणी राऊटर बसवायचे आहेत. वर्तुळ एका जागी तुटले तर पाकिटे उलट बाजूने फिरून येतात. ग्रामपंचायतीच्या खोलीपासून बँकेच्या, शाळेच्या किंवा सेवा केंद्राच्या दारापर्यंतची शेवटची काही शे मीटर केबल मात्र त्या वर्तुळाबाहेरच राहते. तिथे दुसरी वाट केव्हा धरायची, हे ज्याच्या त्याच्या राऊटरलाच सांगून ठेवावे लागणार आहे.